फुगडी घालायला जागा

गेल्या सप्टेंबरात माझी भाची शिकायला लंडनला गेली. पोचल्यावर चौथ्या दिवशी तिने व्हिडिओ कॉल लावून खोली दाखवली. दाखवायला फार काही नव्हतं. जागच्या जागी उभं राहून तिने फोन एकदा गोल फिरवला आणि खोली संपली. भिंतीला लागून पलंग, पलंगाच्या पायथ्याशी कपाट, आणि त्या कपाटाचं दार अर्धंच उघडणारं, कारण पलंग आडवा येतो. मोठी बॅग पलंगावरच ठेवलेली आणि तिच्याशेजारी ही मांडी घालून बसलेली. घरात आणखी पाच भाडेकरू राहतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सगळ्यांत मिळून.

“मावशी, तू आम्हाला शिकवलेलं ते मांजराचं वाक्य आठवतं?” ती म्हणाली. “इथे खरंच मांजर फिरवायला जागा नाही गं.”

मराठीत ते वाक्य कानाला विचित्र लागलं. आपल्याकडे मांजराला कोणी फिरवत नाही, मांजरच फिरतं. पिल्लं झाली की मांजरी त्यांना मानेला धरून सात घरं फिरवते, असं आजी सांगायची, आणि चाळीत तर सात घरं एका रांगेतच मिळायची.

‘नो रूम टू स्विंग अ कॅट’ हा वाक्प्रचार मी गिरणगावातल्या एका रात्रशाळेत सव्वीस वर्षं शिकवला. वर्गात दिवसभर राबून आलेली मुलं असायची. कोणी कुरिअरवाला, कोणी हॉटेलात कामाला, कोणी चार घरची धुणीभांडी उरकून आलेली. रात्री साडेनऊच्या पुढे डोळे मिटायला लागायचे. यादीतले बाकीचे वाक्प्रचार ती पाठ करायची आणि परीक्षेनंतर विसरायची. हा मात्र एकदा फळ्यावर लिहिला की कोणी विसरत नसे. ती सगळी ज्या खोल्यांतून यायची, त्या खोल्यांबद्दलच तो बोलत होता.

मी त्यांना सांगायचे, हा वाक्प्रचार नकारातच राहतो. ‘मांजर फिरवता येईल एवढी खोली आहे’ असं सहसा कोणी म्हणत नाही. जागा कमी आहे हे सांगायलाच तो लागतो. तो बोलण्यातला आहे, अर्जात किंवा अहवालात घालू नये. आणि तो माणसांच्या गर्दीबद्दल नाही, जागेबद्दल आहे. खोली, जहाजातली केबिन, भांड्यांनी भरलेलं स्वयंपाकघर, दुकानामागची कोठी. सकाळच्या लोकलला तो लावू नका, तिथे वेगळे शब्द आहेत. अमेरिकेत याच मांजराचं आणखी एक वाक्य ऐकू येतं, ‘इथे मेलेलं मांजर फिरवलं तरी कॉफीच्या दुकानाला लागेल’ अशासारखं. त्याचा अर्थ पार निराळा, म्हणजे ती गोष्ट पावलोपावली आहे. हे सांगितलं की वर्गातून हमखास आवाज यायचा, “बाई, आपण म्हणतो ना, पुण्यात दगड मारला तर इंजिनिअरला लागेल, तसं.” अगदी तसंच.

पण त्यांचा खरा प्रश्न वेगळा असायचा. “बाई, पण मांजराला का?” मुक्या जनावराला शेपटीला धरून गरगरा फिरवायचं, ही कल्पनाच त्यांना सोसत नसे. मग मी त्यांना माझ्या शाळेतल्या बाईंनी सांगितलेलं उत्तर द्यायचे. हे खरं मांजर नव्हे, हा चाबूक आहे. इंग्रजांच्या आरमारात खलाशांना शिक्षा द्यायला नऊ दोऱ्यांचा, गाठी मारलेला चाबूक असे. त्याला ‘नऊ शेपट्यांचं मांजर’ म्हणत. जहाजाच्या पोटात छत इतकं ठेंगणं की तिथे हा चाबूक उगारता येत नसे, म्हणून शिक्षा वर मोकळ्या डेकवर व्हायची. तिथून हा वाक्प्रचार आला. मुलांचं समाधान व्हायचं. मांजर सुटायचं.

निवृत्तीनंतर मी ही चाबकाची गोष्ट एकदा नीट तपासली आणि मला फार वाईट वाटलं. छापील इंग्रजीत त्या चाबकाचं नाव पहिल्यांदा सापडतं १६९५ साली, विल्यम काँग्रीव्हच्या एका नाटकात. मांजर फिरवण्याचा वाक्प्रचार त्याच्या तीस वर्षं आधी, १६६५ मध्येच छापून आला आहे, आणि तिथे लेखक स्वतःच सांगतो की ही सामान्य लोकांच्या तोंडातली म्हण आहे. म्हणजे ती त्याच्याही आधीपासून गल्लीबोळांत फिरत असणार. एखादा शब्द छापला जाण्याआधी वर्षानुवर्षं बोलण्यात असू शकतो, हे मान्य. तरी चाबकाची गोष्ट मी इतकी वर्षं ज्या खात्रीने सांगितली, ती खात्री देण्याचा मला काही अधिकार नव्हता. मुलांनी विचारलं होतं तेच बरोबर होतं. मांजर म्हणजे बहुधा मांजरच. त्या काळच्या इंग्लंडात मांजराचे हाल ही करमणूक होती. शेक्सपिअरच्या एका नाटकातलं पात्र म्हणतं, मला मांजरासारखं टांगा आणि माझ्यावर नेम धरा. हे तो हसत म्हणतो आणि समोरच्यांना समजावून सांगावं लागत नाही.

ते १६६५ साल वाचून मी थबकले होते. लंडनच्या मोठ्या प्लेगचं ते वर्ष. आणि हा वाक्प्रचार ज्या पुस्तकात आला आहे ते पुस्तकही प्लेगवरचंच आहे, रिचर्ड केफेल नावाच्या माणसाने लिहिलेलं. दाटीवाटीच्या जागेसाठी आज आपण सहज तोंडी घेतो तो शब्दप्रयोग कागदावर उतरला तो एका साथीच्या पुस्तकात.

मुंबईच्या माणसाला यात नवल वाटायला नको. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉक्टर अकॅशियो व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी पहिला प्लेगचा रुग्ण ओळखला, आणि पुढच्या काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. गोदामांच्या माथ्यावर, अंधाऱ्या खोल्यांत, माणसावर माणूस झोपत होता. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. जुन्या दाट वस्त्या फोडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे रुंद रस्ते काढले, समुद्राचा वारा आत शिरावा म्हणून. ज्यांची घरं पडली त्यांच्यासाठी आणि कामगारांसाठी चाळी उठल्या. पुढे १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून दोनशे सात इमारती झाल्या. लोकांनी त्या खात्याचं नाव कापून ‘बीडीडी’ केलं. तळमजला आणि वर तीन मजले, मधून पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. एका इमारतीत ऐंशी खोल्या. एका खोलीला एकशे साठ चौरस फूट. संडास मजल्यावर सामायिक.

वरळीतल्या अशाच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मी वाढले.

आम्ही नऊ जण होतो. आजी, आई, बाबा, काका, आत्या, दादा, मी, धाकटी, आणि पाटणकडून गिरणीत कामाला आलेला मामा. एकशे साठला नवाने भागलं की माणशी पावणेअठरा चौरस फूट येतात. म्हणजे तीन फूट रुंद आणि सहा फूट लांब. म्हणजे एक अंथरूण. ‘अंथरूण पाहून पाय पसरावे’ ही म्हण खर्चाबद्दल आहे, हे मला पाचवीत बाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. तोवर ती मला झोपण्याबद्दलचीच वाटत होती. आणि हा हिशोबही रिकाम्या खोलीचा झाला. त्याच एकशे साठ फुटांत मोरी होती, पाण्याचं पिंप होतं, भांड्यांची मांडणी होती, एक खाट होती आणि खाटेखाली सगळ्या घराचा संसार ट्रंकांत भरलेला होता. मामाची रात्रपाळी असली की त्याची वळकटी दादाला मिळायची. काका आणि बाबा पॅसेजमध्ये झोपायचे, उन्हाळ्यात गच्चीवर.

लहानपणी मला वाटायचं, आपल्या घराला काही कमी नाही. गावाहून कोणी आलं की आई म्हणायची, “या, होईल जागा.” आणि व्हायची. पाटावर एक जण सरकायचा, एक जण उंबऱ्यावर बसायचा, एक जण ताट घेऊन पॅसेजमध्ये जायचा.

आपल्या भाषेतही जागेची मापं अशीच आहेत. आपण म्हणतो, तीळ ठेवायला जागा नव्हती. मुंगीला शिरायला वाव नव्हता. पाय ठेवायला जागा नव्हती. इंग्रजी वाक्यातला माणूस खोलीच्या मधोमध एकटा उभा आहे, हात लांब केलेला, हातात मांजर, आणि त्या वर्तुळाच्या आत काहीही येऊ नये अशी त्याची अपेक्षा आहे. मी एकदा वर्गात हे मोजून घेतलं होतं. खांद्यापासून मुठीपर्यंत दोन-सव्वादोन फूट, शेपटीसकट मांजर अडीच फूट, म्हणजे साधारण नऊ फुटांचं वर्तुळ. तेवढी जागा रिकामी नसेल तर इंग्रजीत खोली अपुरी ठरते. मराठीत खोली भरली असं म्हणायच्या आधी शेवटचा एक तीळ ठेवून बघावा लागतो. तीळ राहिला तर अजून जागा आहे. मग आत या.

मला वर्षानुवर्षं वाटत आलं की आपलं माप मोठ्या मनाचं आहे. रात्रशाळेतल्या मुलांनाही मी हे अभिमानाने सांगायचे. जपानी भाषेत चिमुकल्या जागेला ‘मांजराचं कपाळ’ म्हणतात, हे कुठेसं वाचलं तेव्हा तेही सांगितलं, आणि मुलांना ते इंग्रजीपेक्षा कितीतरी आवडलं, कारण त्यात मांजराला कोणी हात लावत नाही.

तर भाचीला मी त्या रात्री तेच सांगायला गेले.

तिने खोली मोजली होती. इंग्लंडात २०१८ पासून नियम आहे की पाच किंवा जास्त माणसं वाटून राहतात अशा परवान्याच्या घरात एका प्रौढ माणसाच्या झोपायच्या खोलीला किमान ६.५१ चौरस मीटर जागा हवी. तिची खोली त्या आकड्याला जेमतेम शिवत होती. आपल्या मापात सत्तर चौरस फूट. मी मनात भागाकार केला आणि म्हणाले, “अगं, एवढ्या जागेत आम्ही चौघं झोपलो असतो.”

ती गप्प झाली. मग म्हणाली, “मावशी, तुम्ही नऊ जण राहिलात म्हणून मला जागा पुरली पाहिजे का?”

तिच्या आवाजात राग नव्हता. थकवा होता. पण ते मला लागलं, कारण उत्तर मला माहीत होतं आणि मी ते कधी उच्चारलं नव्हतं.

मी अभ्यास कुठे केला ते सांगते. पॅसेजच्या टोकाला, जिन्याच्या तोंडाशी एक दिवा होता, त्याच्याखाली. संडासाला जाणारी-येणारी माणसं माझ्या पाटीवरून पाय उचलून जायची. दहावीचं वर्षभर मी तिथे बसले. कपडे बदलायचे ते मोरीत, अर्ध्या भिंतीआड, दिवा मालवून. मोठी झाल्यावर चार दिवसांच्या त्या कपड्यांचं काय करायचं हा प्रश्न रोज नव्याने पडायचा, कारण दोरी एकच होती आणि ती सगळ्यांच्या डोक्यावर होती. रडायला जागा नव्हती. रडायचं असेल तर पाणी भरायचं निमित्त करून मोरीत जायचं आणि नळ सोडायचा, पण पाणी तर सकाळीच यायचं. काकाचं लग्न झालं तेव्हा पहिले दोन महिने आजीसकट आम्ही सगळे पॅसेजमध्ये झोपलो, आणि कोणी कोणाशी त्याबद्दल बोललं नाही. बाबांना खोकला लागला तेव्हा तो नऊ जणांचा खोकला झाला. आणि अगदी परवा, २०२० मध्ये, सगळं जग सांगत होतं की सहा फुटांवर राहा, आजाऱ्याला वेगळ्या खोलीत ठेवा, तेव्हा दादाच्या घरी त्याच खोलीत सहा जण होते. वेगळी खोली म्हणजे कोणती, असं वहिनीने मला फोनवर विचारलं होतं. मला उत्तर देता आलं नाही.

मराठीत एक शब्दप्रयोग आहे, अंग चोरणं. अंग चोरून बसणं, अंग चोरून उभं राहणं. मी हा शब्द हजारदा वापरला असेन. त्या रात्री फोन ठेवल्यावर तो मला प्रथमच ऐकू आला. चोरायचं ते आपलंच अंग, आणि चोरून ठेवायचं ते दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून. मुलींना हे कोणी शिकवत नाही, त्या शिकतात. दादा पाय लांब करून बसायचा, मी गुडघे हनुवटीला लावून. आजही रिकाम्या बसमध्ये मी खिडकीला चिकटून बसते आणि पिशवी मांडीवर घेते. शेजारची जागा तशीच असते. साठाव्या वर्षी, मोकळ्या बसमध्ये, मी कोणासाठी सरकून बसले आहे?

डिकन्सच्या ‘डेव्हिड कॉपरफील्ड’मध्ये मिस्टर डिक नावाचा एक भोळा, प्रेमळ माणूस आहे. त्याला लंडनमध्ये एका दुकानावरची इवलीशी खोली मिळते. डेव्हिडची घरमालकीण बजावते की तिथे मांजर फिरवायलाही जागा नाही. मिस्टर डिक पलंगाच्या पायथ्याला बसून म्हणतो, पण मला मांजर फिरवायचंच नाही, मी कधीच फिरवत नाही, मग मला त्याचं काय? १८५० सालचं हे उत्तर वाचून मी तरुणपणी विलक्षण खूश झाले होते. आमच्या आजीसारखा बोलतो हा, असं वाटलं होतं. आजीचंही म्हणणं तेच होतं. आपल्याला काय करायचंय एवढ्या जागेचं? झोपायला अंथरूण आहे ना, बसायला पाट आहे ना?

मिस्टर डिक मला अजूनही आवडतो. पण तो खोलीत एकटा आहे. त्याला विचारलं गेलं आहे, आणि ती खोली त्याला आवडली आहे. ज्याला निवड आहे त्याने ‘मला लागत नाही’ म्हणणं आणि जिला कधी विचारलंच नाही तिने ते म्हणणं, यांत फरक आहे. आमच्यापैकी कोणीच कधी मांजर फिरवलं नसतं. तरी हात लांब केला तर तो कशालाही लागू नये, एवढी जागा माणसाला हवीच असते, तिचं काही काम नसलं तरी हवी असते. इंग्रजीतल्या त्या वाक्यात हेच सांगितलं आहे. गरीब मांजराला मधे घेऊन का होईना, पण सांगितलं आहे. माझ्या भाषेतल्या तिळाने आणि मुंगीने मला पाहुणचार शिकवला. हे त्यांनी शिकवलं नाही.

खरं तर मराठीत असं माप नाहीच, असं मी त्या रात्री ठरवून टाकलं होतं. ऐसपैस हा शब्द आहे, पण तो आम्ही दुसऱ्यांच्या घरांबद्दल बोलताना वापरायचो.

मग झोप लागेना तेव्हा काकूची मंगळागौर आठवली.

काकूचं लग्न होऊन पहिला श्रावण आला. आजीने ठरवलं, खोलीतच जागवायची. दुपारपासून घर उपसायला सुरुवात झाली. खाट उभी करून पॅसेजमध्ये नेली. ट्रंका समोरच्यांकडे, पिंप शेजारी, मांडणीवरची भांडी टोपल्यांत भरून तिसऱ्या खोलीत. पुरुषांना गच्चीवर पिटाळलं. दोऱ्या सोडल्या. आई फरशी पुसून उभी राहिली, आणि मी दारातून आत पाहिलं तर मला खोली ओळखू आली नाही. ती एवढी मोठी होती. भिंतीला खालपर्यंत रंग होता, हे मला माहीतच नव्हतं. त्या रंगाचा पट्टा खाटेमागे एवढी वर्षं नवाच्या नवा राहिला होता.

रात्री बायका जमल्या. झिम्मा झाला, पिंगा झाला. मग आजी म्हणाली, पोरींनो, आता तुम्ही. मी बारा वर्षांची, धाकटी नऊची. समोरासमोर उभ्या राहिलो, चवड्याला चवडा लावला, हातांची फुली करून एकमेकींचे हात धरले आणि मागे झुकलो. फुगडीत मागे झुकावंच लागतं. झुकलं नाही तर फिरता येत नाही, आणि समोरचीने हात सोडले तर आपटायचंच. आम्ही फिरायला लागलो. खोली फिरायला लागली. बायकांच्या साड्यांचे रंग एकात एक मिसळले, दिवा कुठे गेला कळेना, माझी वेणी डोक्यामागे आडवी झाली आणि तिचं टोक एका बाजूच्या भिंतीला दर फेरीत हलकेच लागत राहिलं. सप्. सप्. सप्. त्या खोलीत अंग न चोरता मी घालवलेली ती पहिली पाच मिनिटं होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाट पुन्हा आत आली.

दोन मुलींचं झुकलेलं वर्तुळ साधारण आठ-नऊ फुटांचं होतं. मांजराएवढंच.

दुसऱ्या दिवशी मी भाचीला फोन केला. आधी माफी मागितली. मग सांगितलं, आता मला त्या वाक्याचं मराठी सापडलंय. ‘फुगडी घालायला जागा नाही’ असं म्हणायचं. ती हसली. फुगडी तिने शाळेच्या गॅदरिंगमध्ये घातली होती, तिला ठाऊक होतं काय ते. थोड्या वेळाने म्हणाली, “पण मावशी, फुगडीला दुसरी लागते ना. इथे मी कोणाबरोबर घालू?” त्यावर मी काही बोलले नाही. तिच्या खोलीत खिडकीबाहेर पाऊस पडत होता आणि ती पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, गुडघे हनुवटीला लावून.

दादाला तेव्हा नव्या घराची चावी मिळून महिना झाला होता. वरळीच्या बीडीडी चाळींच्या जागी चाळीस मजली टॉवर उभे राहिले आहेत, आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना घरं मिळाली. एकशे साठच्या जागी पाचशे चौरस फूट. संडास घरात, तोही आपला एकट्याचा. हे लिहिताना माझा हात थांबतो, कारण आजी आयुष्यभर रात्री डबा घेऊन त्या पॅसेजच्या टोकापर्यंत गेली. चाळ गेल्याचं दुःख करणारं बरंच काही आजकाल लिहिलं जातं. त्यातली माणसं, सण, उघडी दारं मलाही हवी आहेत. पण ती खोली मला परत नको आहे. दादालाही नको आहे. वहिनीला तर मुळीच नको आहे.

पितृपक्ष संपायची वाट पाहून दादाने दसऱ्याला कलश ठेवला. सामान अजून यायचं होतं. आम्ही दोघी बहिणी सकाळीच पोचलो. हॉलमध्ये चटई, पाट आणि पूजेचं सामान एवढंच. खिडकीतून समुद्राचा एक तुकडा दिसत होता आणि खाली पाडायच्या राहिलेल्या जुन्या इमारतींची छपरं. दादा एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जात होता, दिवे लावत होता, बंद करत होता. आरती झाली, प्रसाद झाला. मग धाकटी हॉलच्या मधोमध येऊन उभी राहिली. सत्तावन्न वर्षांची, गुडघा दुखणारी. माझ्याकडे बघितलं आणि पदर खोचला.

“ताई, ये.”

“अगं, गुडघा.”

“ये म्हणते ना.”

चप्पल नव्हती, फरशी गुळगुळीत होती. चवड्याला चवडा लावला. हातांची फुली केली. तिचे हात आईसारखे झालेत, हे तेव्हा जाणवलं. पहिली फेरी अगदी सावकाश. दुसऱ्या फेरीला मी अंग चोरलं, खांदे आत ओढले, सवयीने. “झुक मागे,” ती ओरडली, “झुक, काही नाही मागे!” आणि मी झुकले. माझी वेणी आता चार बोटांची राहिली आहे, पण ती डोक्यामागे उडाल्यासारखी वाटली, आणि मी त्या हलक्या फटक्याची वाट बघत राहिले. तो आला नाही. भिंत लांब होती.

वहिनीने मोबाइल उंच धरला होता. लंडनमध्ये सकाळ होती. भाची पलंगावर गुडघ्यांवर उभी राहिली होती, केस विसकटलेले, डोकं छताला लागायला आलेलं, आणि मोठ्याने ओरडत होती, “जोरात, मावशी! जोरात!”